ध्रुवीय मोहिमेसाठी विद्यापीठाकडे निधी कसा मागावा

सांगली-साताऱ्यातील महाविद्यालयात राहूनही अंटार्क्टिकावर संशोधन करता येते. मात्र अर्ज लिहिण्यापूर्वी कोणता खर्च कोण उचलतो, हे नीट समजून घ्यावे. १९८१ पासून सुरू असलेल्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमांचे आयोजन आज गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते. प्रस्ताव निवडला गेला, तर जहाजाचा प्रवास, अंटार्क्टिकावरील 'मैत्री' किंवा 'भारती' या भारतीय तळावरील निवास आणि थंडीचे खास कपडे यांची व्यवस्था मोहिमेतूनच होते.

त्यामुळे शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकाने जहाजाचा खर्च मागू नये. मागावा तो मोहिमेआधीच्या आणि नंतरच्या कामाचा. बर्फाचे नमुने आणायचे असतील, तर निर्जंतुक बाटल्या, उणे २० अंशांचा डीप फ्रीझर, नमुने गोठलेल्या स्थितीत सांगलीपर्यंत पोहोचवण्याची वाहतूक आणि वीज गेल्यास फ्रीझर चालू ठेवणारा जनरेटर, अशी प्रत्येक बाब दरपत्रकासह स्वतंत्र लिहावी. शेवटची बाब अनेकदा राहून जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण एकदा वितळलेला नमुना पुन्हा मिळवता येत नाही.

वैद्यकीय तपासणी आणि बर्फाळ प्रदेशातील प्रशिक्षण यांसाठी लागणारी रजा प्राचार्यांकडून आधीच लेखी मंजूर करून घ्यावी. भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ नुसार लागणाऱ्या परवान्याचा उल्लेखही प्रस्तावात असावा. विद्यापीठाची रक्कम ध्रुवीय संशोधन केंद्राने प्रस्तावाची अंतिम निवड केल्यानंतरच वितरित व्हावी, अशी अट अर्जदाराने स्वतःहून सुचवावी. त्यामुळे निवड झाली नाही तर पैसे वाया जातील, ही विद्यापीठाच्या वित्त विभागाची मोठी शंका तिथेच मिटते.