सोलापूरहून राष्ट्रीय मरू उद्यानापर्यंत मोटारीने

माळढोक दिसेल या आशेने पहाटे बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाणाऱ्या सोलापूरकरांना हल्ली बहुधा काळविटांवरच समाधान मानावे लागते. ज्या पक्ष्यासाठी १९७९ साली हे अभयारण्य झाले, तोच तेथून जवळपास दिसेनासा झाला आहे. त्याला मोकळ्या माळावर पाहायचे असेल, तर जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेले राष्ट्रीय मरू उद्यान गाठावे, आणि त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा.

एका बाजूचे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. पहिल्या दिवशी तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर करत धुळे, दुसऱ्या दिवशी नवापूर, सुरत, अहमदाबादवरून मेहसाणा आणि तिसऱ्या दिवशी थराद, सांचोर, बाडमेरमार्गे जैसलमेर, असे टप्पे पाडावेत. कन्नडचा घाट उजेडातच उतरावा. बाडमेरच्या पुढे अंधारात गाडी चालवू नये, कारण गाई आणि उंट सरळ रस्त्यावर येतात. हे अंतर दोन दिवसांत कापण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी खुशाल रेल्वेने जावे.

शिदोरीला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यासारखे दुसरे काही नाही. भाकरी कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली, तर परतीच्या वाटेवरही ती तशीच कुरकुरीत निघते. पाणी माणशी रोजचे पाच लिटर धरावे. सोलापुरी चादरी दोन घ्याव्यात; एक थंडीसाठी, कारण वाळवंटातील रात्र आपल्या समजुतीपेक्षा फार गार असते, आणि दुसरी जुनी, चाकाखाली घालण्यासाठी. चाक वाळूत रुतले की ॲक्सिलरेटर दाबत राहू नये, कारण त्याने गाडी अधिकच खाली बसते. टायरमधील हवा निम्म्याजवळ आणावी, चाकापुढची वाळू हातांनी उपसावी, चादर चाकाखाली सारावी आणि हलक्या पायाने गाडी बाहेर काढावी. डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरता यावी, म्हणून छोटा पंप जवळ असणे आवश्यक आहे.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवरील तंबू, उंटांची रपेट आणि रात्रीचा ढोल म्हणजे उद्यान नव्हे. माळढोकासाठी उद्यानातील सुदासरीच्या गवताळ भागाकडे जावे. त्याआधी जैसलमेर येथील वनविभागाच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी आणि इंधनाची टाकीही त्याच गावात भरून घ्यावी. पुढे वाट विचारताना ‘माळढोक’ म्हणून कोणाला कळणार नाही. तेथे त्याचे नाव गोडावण आहे आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. हिवाळ्यात तेथे सूर्य आपल्यापेक्षा अर्धा तास तरी उशिरा उगवतो, हे ध्यानात ठेवूनच गजर लावावा.

शेवण गवतातून आधी काळी टोपी आणि पांढरट मान वर आलेली दिसते. पुष्कळदा तेवढेच दिसते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे गाडी चाकोरी सोडून बाहेर नेऊ नये आणि पक्षी चालू लागला तर त्याच्यामागे जाऊ नये. दुर्बीण चांगली असली की जवळ जाण्याची गरजही पडत नाही. चिंकारा आणि वाळवंटी कोल्हा हे त्या मानाने सहज दिसतात.

परतताना जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर, बाडमेर रस्त्यालगत, आकल येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडांची खोडे पाहता येतात. त्यासाठी तासभर पुरतो. मुले बरोबर असतील, तर निघताना त्यांचे खिसे मात्र तपासावेत.