‘इफ पॉसिबल’ आणि ‘दॅन एक्स्पेक्टेड’: इंग्रजीतली आखूड उपवाक्यं
इंग्रजी मेलमध्ये ‘इफ इट इज पॉसिबल’ असं पूर्ण लिहायची गरज नाही. ‘इफ पॉसिबल’ पुरतं. गाळायचं ते कर्ता आणि ‘इज’, ‘आर’सारखं क्रियापद, दोन्ही एकदम. ‘इफ इज पॉसिबल’ ही चूक, आणि ती वारंवार दिसते. ‘इफ नेसेसरी’, ‘इफ सो’, ‘इफ नॉट’ याच साच्यातले.

गाळलेला कर्ता ‘इट’ नसेल, तर तो मुख्य वाक्यातलाच हवा. ‘इफ स्टोअर्ड प्रॉपर्ली, द मेडिसिन लास्ट्स लाँगर’ बरोबर, कारण साठवायचं ते औषधच. ‘इफ स्टोअर्ड प्रॉपर्ली’ला ‘यू कॅन यूज द मेडिसिन लाँगर’ जोडलंत, तर व्याकरणाने साठवला जातो वाचणारा.

तुलनेत ‘दॅन एक्स्पेक्टेड’, ‘अ‍ॅज अग्रीड’ खुशाल वापरा. खरी काळजी ‘शी हेल्प्स रवी मोअर दॅन मी’सारख्या वाक्यात घ्या. ती मला करते त्याहून रवीला जास्त मदत करते, की मी रवीला करतो त्याहून? पहिला अर्थ हवा तर ‘दॅन शी हेल्प्स मी’ लिहा, दुसरा हवा तर ‘दॅन आय डू’. इथे शब्द वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.