रॅमची उंची मोजली का? ताकदवान पीसी बांधण्याआधीची तयारी

सुट्या भागांच्या यादीत सगळ्यात वर प्रोसेसरचं नाव लिहायची सवय मोडा. आधी मोजपट्टी घ्या. मागच्या वेळी मी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर, सगळं मावणारी केस असं एकेक नीट पारखून घेतलं आणि सगळं जोडून झाल्यावर बाजूची काच काही केल्या बसेना. रॅमच्या पट्ट्या उंच होत्या, त्यांच्यावरून कूलरचा पंखा वर सरकवावा लागला आणि तो काचेला टेकला. एकही भाग वाईट नव्हता, पण एकमेकांशेजारी कसे बसतील हे मोजलेलं नव्हतं. म्हणून ही यादी लिहितो आहे, आणि रॅमच्या उंचीचा विषय तिच्यात पुन्हा पुन्हा येणार आहे.

केस पसंत पडली की तिच्या माहितीपत्रकातून चार आकडे कागदावर उतरवा: कूलरची कमाल उंची, ग्राफिक्स कार्डची कमाल लांबी, पुढच्या आणि वरच्या बाजूला रेडिएटरसाठी (वॉटर कूलिंगमधली उष्णता हवेत सोडणारी जाळी) असलेली जागा, आणि पॉवर सप्लायची कमाल लांबी. हे चार आकडे सगळेच पाहतात. पाचवा आकडा रॅमच्या उंचीचा. तो बहुतेक वेळा केसच्या पत्रकात नसतो, मदरबोर्डच्याही नसतो, म्हणूनच निसटतो. रॅम बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तो मिळतो. तिथे नसेल तर ती रॅम घेऊ नका, दुसरी बघा.

हा आकडा का महत्त्वाचा, ते एका उदाहरणावर पाहा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४ सालचा जुळ्या टॉवरचा (पातळ पत्र्यांचे दोन उभे मनोरे असलेला) कूलर आजही कामाला चोख आहे. त्याची उंची १६५ मिलिमीटर, आणि दोन्ही पंखे लावले तर पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिलिमीटर जागा राहते. उष्णतारोधक कवच नसलेली साधी रॅमपट्टी साधारण ३१ मिलिमीटरची असते, ती आरामात मावते. पण जी.स्किलची ट्रायडेंट झेड५ आरजीबी ४४ मिलिमीटर उंच आहे. म्हणजे पंखा १२ मिलिमीटर वर गेला आणि कूलरची खरी उंची १७७ झाली. केसची मर्यादा १७० असेल तर काच बंद होणार नाही. कूलरच्या खोक्यावर मात्र १६५ च छापलेलं असतं! पुढचा पंखा काढून मधल्या एकाच पंख्यावर भागवलं तर रॅमला ६४ मिलिमीटर मिळतात, पण तापमान थोडं चढतं. आधीच माहीत असेल तर बुटकी रॅम घेऊन हा प्रश्नच येत नाही. दिवे लागणारी रॅम हवीच असेल तर तिरका, मागे झुकलेला टॉवर असलेला कूलर बघा, किंवा १२० मिलिमीटर पंख्यांचा जुळा टॉवर. तो साधारण १५५ मिलिमीटरचा असतो, पंखा थोडा वर गेला तरी निभावतं.

आता प्रोसेसर. कोणता घ्यायचा ते कामावर ठरतं, त्यात मी पडत नाही. कूलर निवडताना मात्र खोक्यावरचा टीडीपी (कंपनीने सांगितलेली उष्णतेची वॅटमधली पातळी) वाचून थांबू नका. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के वर मूळ आकडा १२५ वॅट आहे, टर्बोत (म्हणजे जोर लावून कमाल वेगात चालताना) तो २५३ वॅटपर्यंत जातो, आणि बरेच मदरबोर्ड उत्साहाच्या भरात ही मर्यादाही उठवून ठेवत आले आहेत. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती खोबण) प्रत्यक्ष मर्यादा टीडीपीच्या साधारण १.३५ पट असते: रायझन ९ ७९५०एक्स चा टीडीपी १७० वॅट, मर्यादा २३० वॅट. कूलर त्या वरच्या आकड्यासाठी घ्यायचा.

त्यातही वॅट हाच सगळा हिशेब नव्हे. रायझनमध्ये उष्णता जिथे तयार होते ती सिलिकॉनची चकती जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची असते. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर निघायलाच वेळ लागतो, म्हणून २४० मिलिमीटरचा रेडिएटर काढून ४२० मिलिमीटरचा लावला तरी तापमानात अपेक्षेइतका फरक पडत नाही. ७९५०एक्स पूर्ण भाराखाली ९५ अंशांना जाऊन टेकतो, तो तसाच घडवलेला आहे. घाबरून कूलर बदलत बसू नका. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) इको मोड, म्हणजे कमी वीज वापरायची सोय, लावून १०५ वॅटच्या वर्गात आणा, तापमान उतरतं आणि वेगात होणारी घट बहुतेक कामांत फार जाणवत नाही. फक्त खेळांसाठी यंत्र असेल तर रायझन ७ ९८००एक्स३डी चा विचार करा. त्यात जास्तीची कॅश (प्रोसेसरची हाताशी असलेली स्मृती) कोअरच्या (हिशेब करणाऱ्या भागांच्या) वर न ठेवता खाली नेली आहे, त्यामुळे कोअरची उष्णता थेट वर झाकणाकडे जाते आणि चांगला एअर कूलर पुरतो.

वॉटर कूलिंग घेणार असाल तर थांबा, मोजमाप संपलेलं नाही. नेहमीचा रेडिएटर २७ मिलिमीटर जाड असतो, पंखे २५ मिलिमीटरचे, मिळून ५२. काही जाड रेडिएटर ३८ मिलिमीटरचे असतात, म्हणजे पंख्यांसह ६३. पुढे लावला तर ही जाडी ग्राफिक्स कार्डच्या जागेतून वजा होते. केसमध्ये ३६० मिलिमीटरचं कार्ड मावतं असं लिहिलेलं असलं तरी पुढे रेडिएटर लावल्यावर ३०० च्या आसपासच उरतात, आणि आरटीएक्स ४०९० चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्डच ३०४ मिलिमीटर लांब आहे. वर लावला तर? तर तो कशावर येतो ते पाहा: व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) हीटसिंकवर आणि रॅमवर. पुन्हा रॅमची उंची! काही केसच्या पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की वर रेडिएटर लावायचा तर रॅम अमुक मिलिमीटरपेक्षा उंच नको. ती ओळ शोधा. एअर कूलर टाळला म्हणजे रॅमचा प्रश्न मिटला असं समजणारे इथेच अडकतात.

रेडिएटर लावण्यात आणखी एक गोष्ट चुकते. वॉटर कूलिंगच्या बंद लूपमध्ये (पाणी फिरतं त्या मार्गात) थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जमते. पंप त्या उंच जागी आला तर घरघर करतो आणि लवकर झिजतो. रेडिएटरचा निदान एक भाग पंपाच्या वर हवा. केसच्या तळाशी रेडिएटर कधीच लावू नका.

ग्राफिक्स कार्डबद्दल लोक लांबीच पाहतात. रुंदीही पाहा. ४०९० ची मर्यादा ४५० वॅट, ५०९० ची ५७५ वॅट, आणि दोन्हींना सोळा पिनांची एकच जाड केबल काचेच्या दिशेने लागते. कनेक्टरपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ राहिली पाहिजे, वाकवायची ती त्यानंतर. म्हणजे कार्डच्या रुंदीत निदान ३५ मिलिमीटर मिळवा आणि मग काचेपर्यंतचं अंतर तपासा. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळल्याची प्रकरणं गाजली आणि नीट न बसलेला कनेक्टर हे त्यातलं एक ठळक कारण निघालं. नंतर आलेल्या १२व्ही-२x६ या सुधारित रचनेत संवेदक पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला असेल तर कार्डने पूर्ण वीज ओढू नये. तरीही डोळ्यांनी बघा. कनेक्टर आणि कार्ड यांच्यामध्ये टॉर्च मारून फट दिसते का ते तपासा. दिसली तर काढा आणि पुन्हा दाबा.

पॉवर सप्लायसाठी बेरीज करा: कार्ड ४५०, प्रोसेसर २५३, बाकी सगळं मिळून शंभरएक. आठशे वॅट होतात, हजाराचा घ्या. वरचे दोनशे वॅट शोभेसाठी नसतात. कार्ड क्षणभर आपल्या मर्यादेच्या बरंच वर उसळी मारतं आणि जुना सप्लाय घाबरून बंद पडतो. एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या निकषानुसार १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार सोसता आला पाहिजे, तेवढा उल्लेख पाहून घ्या. ८० प्लसचा सोनेरी शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सप्लायची प्रत सांगत नाही. आणि हात जोडून सांगतो, जुन्या सप्लायच्या मॉड्युलर केबली नव्याला लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. प्लग बसतो आणि ड्राइव्ह जळतात.

हवेचा मार्ग. पुढचा भाग जाळीचा हवा, सबंध काचेचा नको. आजच्या कार्डांचे पंखे उष्णता केसच्या आतच सोडतात, म्हणजे ४५० वॅटची हीटर आत चालू आहे आणि प्रोसेसरचा कूलर तिचीच हवा ओढतो आहे. पुढून आणि शक्य असेल तर खालून थंड हवा आत, मागून आणि वरून बाहेर. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा, म्हणजे धूळ फिल्टर असलेल्या बाजूनेच येते. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक पंखा असा बघा, नंतर पुन्हा उघडायचा कंटाळा येतो. वरच्या बाजूला अगदी पुढे बाहेर फेकणारा पंखा लावू नका, तो कूलरकडे निघालेली थंड हवाच पळवतो.

रॅम किती घ्यायची ते तुम्ही जाणता, पण दोनच पट्ट्या घ्या. डीडीआर५ (आजच्या पिढीची रॅम) मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग कोसळतो. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा चार पट्ट्यांना सेकंदाला ३६०० मेगाट्रान्सफर आहे, तर दोन पट्ट्यांचे ६००० चे संच सर्रास चालतात. आणि घेताना उंची बघा! वर्षभराने वाढवायला दुसरा संच आणाल तेव्हाही बघा. तेव्हा कूलर बसलेला असतो, कागद हरवलेला असतो, आणि दुकानात फक्त गिगाबाइट डोळ्यांपुढे असतात. तो कागद केसच्या मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

एसएसडी: पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीची घेणार असाल तर हीटसिंकशिवाय नको. मदरबोर्डचा हीटसिंक वापरणार असाल तर खाली चिकटपट्टीवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो काढा. कूलरच्या तळाचाही काढा. एसएसडीसोबत आलेला उंच हीटसिंक कार्डखाली किंवा कूलरखाली मावतो का, तेही त्याच कागदावर.

जोडणी. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बोर्ड बाहेर असतानाच लावा. रॅम लावून कूलर नुसता वर ठेवून बघा, उष्णता वाहून नेणारी पेस्ट न लावता. पंखा रॅमला टेकतो का, किती वर जातो, प्रोसेसरच्या झाकणापासून पंख्याच्या टोकापर्यंत किती भरतात, पट्टी लावून मोजा. नाही जमलं तर पेस्ट वाया न घालवता भाग परत करता येतो. ही कोरडी चाचणी दहा मिनिटांची आहे आणि हीच टाळली जाते. जमलं की मग पेस्ट: मोठ्या प्रोसेसरवर मध्ये फुलीसारखी रेघ, स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळत. केसमधले स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते छोटे खुंट) बोर्डाच्या छिद्रांखालीच आहेत ना, जास्तीचा एखादा राहिला नाही ना, ते पाहा. आठ पिनांची सीपीयूची केबल बोर्ड बसवण्याआधी मागून ओवून घ्या, नंतर हात जात नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहील. डीडीआर५ स्वतःला जुळवून घेत असते. बटण दाबून बंद करू नका.

बायॉस आधी अद्ययावत करा, बाकी सगळं नंतर. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचे बिघडत होते, त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ पासून बायॉसमधूनच आले. २०२३ मध्ये रायझन ७००० चे एक्स३डी (जास्तीच्या कॅशचे) प्रोसेसर जळू लागले, तेव्हा एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) १.३ व्होल्टवर रोखणारी दुरुस्तीही बायॉसमधूनच आली. मग एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू, वॅटची मर्यादा कंपनीच्या आकड्यावर, पंख्यांचा वेग हळू चढणारा.

चाचणी: एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) उघडा, सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारा) अर्धा तास, मग कार्डवर भार, मग दोन्ही एकदम. दोन्ही एकदम चालवल्याशिवाय केसचं खरं तापमान कळत नाही. ही चाचणी काच लावूनच करायची. काच काढल्यावर आकडे पाच अंशांहून जास्त उतरले तर हवा कमी पडते आहे, पुढे एक पंखा वाढवा. खोलीचं तापमान आकड्यांशेजारी लिहून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात उगाच घाबराल.

फिल्टर महिन्याला झटका. खोकी वॉरंटी संपेपर्यंत ठेवा.