चारात एक म्हणजे चौथं मूल नव्हे: आनुवंशिकतेतल्या या चुका टाळा

आनुवंशिकतेची उदाहरणं तपासताना त्याच त्या चुका दरवर्षी समोर येतात. बहुतेक चुका लाल शाईने दुरुस्त होतात. एक मात्र वहीतून निघून थेट घरात शिरते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

माझी एक विद्यार्थिनी पनेट चौकोन, म्हणजे आई-वडिलांच्या जनुकांच्या जोड्या मांडणारा चार खणांचा तक्ता, वर्गात सगळ्यांत झटपट काढायची. पुढे बऱ्याच वर्षांनी ती भेटली. पहिल्या बाळाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार होता, म्हणजे ती आणि नवरा दोघंही वाहक: स्वतः निरोगी, पण बिघडलेल्या जनुकाची एक प्रत बाळगणारे. धोका चारात एक, हे तिला सांगितलं गेलं होतं. ती मला म्हणाली, "सर, चारातला एक आमच्या वाट्याला येऊन गेला. आता पुढचं बाळ तरी नीट असेल ना?"

मी तिच्यासोबत तासभर बसलो. चौकोनातले चार खण म्हणजे चार मुलं नव्हेत. एकाच गर्भधारणेत काय काय होऊ शकतं, त्या चार शक्यता आहेत. पुढच्या बाळाच्या वेळी तेच चार खण पुन्हा जसेच्या तसे समोर असतात. मोठ्या भावंडाला काय मिळालं याची नोंद बीजांडाकडे नसते आणि शुक्रपेशीकडेही नसते. त्यामुळे धोका पुन्हा चारात एकच. गर्भावस्थेत तपासणी करता येते हेही मी तिला सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती, आणि मला मात्र माझंच शिकवणं आठवत होतं. फळ्यावर चौकोन काढून "हे पहिलं मूल, हे दुसरं" असं मीच म्हणायचो. त्या दिवसापासून मी खणाला मूल म्हणणं सोडलं.

आता मी आधी दोन नाणी हातात देतो. एक नाणं आईचं, एक वडिलांचं. दोन्ही काटा पडले तर बाळाला आजार. चार-चार फेकींचं एक कुटुंब धरून वीस कुटुंबं लिहून काढायची. तिसऱ्या कुटुंबानंतर मुलं कंटाळतात आणि "सर, कळलं, सूत्र सांगा" म्हणतात. मी सांगत नाही. वीस कुटुंबं झाल्यावर दिसतं की काहींत एकही आजारी मूल नाही आणि काहींत दोन-दोन आहेत. हिशेब केला तर चार मुलांच्या कुटुंबात एकही आजारी नसण्याची शक्यता 81/256, म्हणजे जवळजवळ 32 टक्के. नेमकं एकच आजारी असण्याची शक्यता 42 टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे वाटाण्याचे आकडेही अर्धेच शिकवले जातात. दुसऱ्या पिढीतल्या 7324 बियांपैकी 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेल्या निघाल्या, गुणोत्तर 2.96 : 1. हे पाठ असतं. पण त्याच निबंधात त्याने एकेका झाडाचे आकडेही दिले आहेत. एका झाडावर 43 गोल आणि फक्त 2 सुरकुतलेल्या, तर दुसऱ्यावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेल्या! 3 : 1 हे 253 झाडांच्या बिया एकत्र मोजल्यावर दिसतं. कुटुंब हे एका झाडाएवढंही नसतं.

याच चौकोनाचं आणखी एक उदाहरण हमखास चुकतं. भाऊ आजारी आहे, बहीण निरोगी आहे, आई-वडील दोघंही निरोगी वाहक. बहीण वाहक असण्याची शक्यता किती? सगळे निम्मी लिहितात. ती निरोगी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून आजाराचा खण काट मारून बाद करायचा. उरले तीन, त्यांतले दोन वाहकाचे. उत्तर 2/3. ती काट पेनाने, कागदावरच मारा. मनातल्या मनात मारलेली काट पुढच्या ओळीत विसरली जाते.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'प्रभावी' शब्दाचा अर्थ ताकदवान किंवा सर्रास आढळणारा असा लावणं. जनुकाची एकच प्रत असली तरी जो गुण दिसतो तो प्रभावी, दोन्ही प्रती लागतात तो अप्रभावी. हंटिंग्टनचा आजार (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) प्रभावी आहे आणि दुर्मीळ आहे. ओ रक्तगट अप्रभावी आहे आणि लाखो लोकांत आढळतो. प्रभावी गुण पिढ्यांमागून पिढ्या आपोआप वाढत जात नाही, हे हार्डी आणि वाइनबर्ग यांनी 1908 मध्येच गणिताने दाखवलं. प्रभावी अलील (जनुकाचं एक रूप) दुसऱ्याला 'दाबतो', हेही खरं नाही. सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्च बनवणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक बिघडलेलं असतं. एक प्रत धड असली तरी बी गोल होण्यापुरतं काम भागतं, एवढंच. अशा मिश्र बीतले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते दोन्हींच्या मधले दिसतात. म्हणजे गुण कोणत्या पातळीवर पाहता त्यावर प्रभावी-अप्रभावी ठरतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. चौकोनाआधी युग्मकं, म्हणजे बीजांड आणि शुक्रपेशी, लिहा, प्रत्येकात जोडीतला एकच अलील. ती पायरी गाळणारे पुढे दोन गुणांच्या संकरात हमखास अडकतात. ज्या इंग्रजी अक्षराचं मोठं आणि छोटं रूप सारखंच दिसतं, उदाहरणार्थ सी किंवा एस, ते घेऊ नका. वडिलांचं एक्स गुणसूत्र मुलग्याकडे जात नाही, त्यामुळे मुलग्याला एक्सवरचा रंगांधळेपणा आला तर तो आईकडून. ए आणि बी गटाच्या आई-वडिलांना ओ गटाचं मूल होऊ शकतं, त्यावरून कोणावर संशय घेऊ नका. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ असतील तर दोन गुणांच्या संकरातलं 9 : 3 : 3 : 1 हे गुणोत्तर येणार नाही.

आणि जीभ वळवण्याचं, म्हणजे कडा वर घेऊन जिभेची नळी करण्याचं, उदाहरण कृपया सोडून द्या. आनुवंशिकीतज्ज्ञ स्टर्टेव्हंटने 1940 मध्ये तो साधा प्रभावी गुण असल्याचं मांडलं. पण 1952 मध्ये अशी एकसारखी जुळी आढळली, ज्यांच्यातल्या एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही. पुढे स्टर्टेव्हंटनेच आपलं म्हणणं मागे घेतलं. तरीही आई-वडिलांना जीभ वळवता येत नाही आणि आपल्याला येते, म्हणजे आपण त्यांचं मूल नाही की काय, म्हणून घाबरलेलं एखादं मूल अजूनही माझ्याकडे येतं.