कोर्टाचा कागद घरी आला की तो वाचायचा कसा

कोर्टाचं समन्स आलं की बऱ्याच घरांत आधी रडारड होते आणि मग तो कागद कपाटात जाऊन पडतो, खरं नुकसान तिथंच होतं. म्हणून वकिलाकडे जायच्या आधी स्वतः तो नीट वाचा, मोजके शब्द कळले की निम्मी भीती जाते.

पहिलं बघायचं ते वरती कोणतं कोर्ट लिहिलंय. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर किंवा वरिष्ठ स्तर असेल तर दिवाणी मॅटर, म्हणजे जमीन, वाटणी, पैसे, भाडेकरू असलं काहीतरी. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असेल तर फौजदारी. नाशिकचं जिल्हा कोर्ट आपलं सीबीएस बसस्टँडजवळ, पण कागद निफाड, सिन्नर, मालेगाव असा तालुक्याचा असेल तर तिथंच हजर व्हायचं, उगाच सीबीएसला येऊन दिवस घालवू नका. आणि तहसीलदार किंवा प्रांत (म्हणजे प्रांताधिकारी) लिहिलं असेल तर ते कोर्ट नाही, महसूलची केस आहे, फेरफार नोंदीची म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची वगैरे, तिचा रस्ताच वेगळा आणि ती चढत चढत नाशिकरोडला विभागीय आयुक्तांपर्यंत जाऊ शकते.

मग आपलं नाव कशाखाली आहे ते बघा. दावा लावणारा वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. फौजदारीत फिर्यादी आणि आरोपी, आणि आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी समजावून सांगा. वाटणीच्या दाव्यात तर सगळ्या वारसांना पार्टी म्हणजे पक्षकार करावंच लागतं, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या बहिणीला सुद्धा 'प्रतिवादी क्र. ७' म्हणून समन्स जातं आणि ती बिचारी समजते भावानं माझ्यावर केस केली, यावरून माहेर तुटलेलं बघितलंय मी.

नंबरच्या आधी रे.मु.नं. असेल तर दिवाणी मुकदमा, एस.सी.सी. असेल तर बहुतेक चेक न वटल्याची केस. सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मिळाला तर ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, म्हणजे आपलं लेखी उत्तर, आणि कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. कैफियत नाही दिली तर 'विना कैफियत' आदेश होतो, हजरच नाही झालात तर दावा एकतर्फी चालतो. सोबत 'निशाणी ५' चा अर्ज आहे का तेही बघा, आपल्याकडे निशाणी ५ म्हटलं की तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, म्हणजे दावा चालू असताना विकू नका, बांधकाम करू नका असा हुकूम मागितलाय. त्यावर म्हणणं मांडायला वेळ फार कमी मिळतो, म्हणून त्याच दिवशी वकील गाठा. आणि बेलिफ, म्हणजे समन्स घेऊन येणारा कोर्टाचा माणूस, आला की कागद घ्या हो, नाकारला तर तो दारावर डकवून जातो आणि कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं.

द्राक्षवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण व्यापाऱ्याचा चेक परत येणं पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडे नवीन नाही. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. व्यापारी 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणत राहतो आणि ही मुदत निघून जाते, तेव्हा बोलणी चालू ठेवा पण नोटीस वेळेत पाठवा.

दिवाणी केस उभी राहिली की मुद्दे निघतात, म्हणजे वाद नेमका कशावर ते कोर्ट ठरवतं, मग सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलानं विचारायचं), उलटतपास (समोरच्या वकिलानं विचारायचं), युक्तिवाद, निकाल. प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं, वकील फोन उचलत नसेल तर रोजनामा बघा. निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाका, कारण जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवसच असतात, फक्त नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. जिंकलात तरी समोरचा ऐकत नसेल तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, नुसता हुकूमनामा हातात असून ताबा मिळत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, पण त्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी मजकूर मोठ्यानं वाचून घ्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही, अजून काही गट सोडले तर बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. फोन करायचा तर १५१००. जाताना समन्स, सोबतचे सगळे कागद आणि आधार घेऊन जा, आणि समन्स कोणत्या तारखेला हातात पडलं ते पाकिटावर लिहून ठेवा.