कालव्यात बोट चालवताना गडबड झाली की आधी न्यूट्रल!

कालव्यातून किंवा नदीतून स्वतः बोट चालवत फिरणार असाल तर एक सवय हाताला लावूनच घ्या, काहीही गडबड वाटली की आधी न्यूट्रल. बोटीला ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स टाकावा लागतो, आणि रिव्हर्समधे सुकाणू फारसं ऐकत नाही, म्हणून मुळात वेगच कमी ठेवायचा. ब्रिटनमधल्या बहुतेक कालव्यांवर तर मर्यादाच ताशी 4 मैल आहे. काठाला बांधलेल्या बोटी तुमच्यामुळे हलायला लागल्या की समजा जास्त होतंय.

गाळात रुतली तर पुढे रेटू नका, अजून घुसेल. रिव्हर्स टाकून आलात तशीच मागे घ्या, सगळ्यांना बोटीच्या अजून तरंगणाऱ्या बाजूला उभं करा आणि बांबूने ढकला.

इंजिन ओरडतंय, काळा धूर येतोय पण बोट सरकत नाही म्हणजे बोटीखालच्या पंख्यात (प्रोपेलरमधे) काहीतरी गुंतलंय, बहुतेक वेळा प्लास्टिक नाहीतर दोरी. जरासं रिव्हर्स देऊन बघा, कधी कधी सुटतं. नाहीच सुटलं तर बोट काठाला बांधा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात टाका आणि मगच पंख्यावरचं झाकण उघडून हात घाला. झाकण परत घट्ट बसवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, सैल राहिलं तर पाणी आत येऊन बोट बुडू शकते.

कोणी पाण्यात पडलं तर लगेच न्यूट्रल, रिव्हर्स अजिबात नाही, पंखा त्या माणसालाच ओढेल. त्याच्या मागोमाग पाण्यात उडी मारू नका, दोरी किंवा रिंग फेका आणि उभं राहून बघ म्हणून ओरडा, बरेच कालवे उथळ असतात.

सगळ्यात जपायचं ते लॉकमधून खाली उतरताना. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. वरच्या दरवाजापाशी पाण्याखाली एक उंबरा असतो, पाणी उतरलं की तो उघडा पडतो, बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला की पुढचा भाग खाली जातो आणि बघता बघता पाणी आत शिरतं. म्हणून बोट भिंतीवरच्या खुणेच्या पुढेच ठेवा आणि दोरी बांधून टाकू नका, खुंट्याला एक वेढा देऊन हातात धरा, पाणी उतरेल तशी सोडत जा. तरीही अडकलीच तर आधी पाणी बाहेर सोडणाऱ्या खालच्या दरवाजाच्या झडपा बंद, मग पाणी आत घेणाऱ्या वरच्या हळूहळू उघडून लॉक परत भरायचं. झडपेपाशी एक माणूस झडप फिरवायची चावी घेऊन उभाच पाहिजे, आणि पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही त्यामुळे "थांबव" ची हाताची खूण दरवाजा बंद करायच्या आधीच ठरवून ठेवा.