सात व्हीएमना मॉनिटरिंग कशाला?

एक प्रॉक्समॉक्स होस्ट (आभासी संगणक चालवणारा सर्व्हर), त्यावर ७ व्हीएम, म्हणजे आभासी संगणक. एवढ्याशा पसाऱ्याला मॉनिटरिंग कशाला, असं मी दोन वर्षं म्हणत होतो. मग एका सकाळी मेल सर्व्हरसकट चार व्हीएम गोठले. स्टेटस ‘आयओ-एरर’, म्हणजे डिस्कवर लिहिता-वाचता येत नाही. होस्टवर ‘डीएफ’ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) चालवलं, तर रूट, म्हणजे होस्टची स्वतःची फाइलसिस्टिम, निम्मं रिकामं! अर्धा तास डिस्कच गेली समजून स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) आकडे चाळत बसलो.

खरी गोम ‘एलव्हीएस’ कमांडने दाखवली. व्हीएमच्या डिस्क लागेल तशी जागा घेतात तो सामायिक साठा म्हणजे थिन पूल; त्याच्या डेटासमोर १००.०० टक्के. थिन पूल किती भरलाय हे डीएफमध्ये दिसतच नाही. अपग्रेडआधी घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती, जी जुना डेटा धरून ठेवते) मीच काढायला विसरलो होतो. तो उडवला, आकडा ७१ वर आला. व्हीएम रीसेट करून फाइलसिस्टिम तपासल्या. शिवाय डिस्कना ‘डिस्कार्ड’ (मोकळी जागा पूलला कळवू देणारी सोय) लावून व्हीएमच्या आत एफएसट्रिम (ती जागा कळवणारी कमांड) चालवलं, कारण त्याशिवाय गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएममध्ये, पुसलेल्या फाइलींची जागा पूलकडे परत येत नाही.

मग हौसेने झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर लावलं. चीज उत्तम, पण त्याच्यासाठी आठवा व्हीएम, आणि इशारे इतके की तिसऱ्या दिवशी वाचणंच सोडलं. काढून टाकलं.

आता क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतली) छोटी स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी पूलचा डेटा आणि मेटाडेटा बघते (मेटाडेटा म्हणजे कुठला डेटा कुठे आहे याची नोंद; ती भरणं जास्त महागात पडतं). ८० टक्के ओलांडले की फोनवर संदेश. मेल नाही, मेल सर्व्हर त्याच होस्टवर आहे ना! रोज सकाळी ‘चालू आहे’ असाही एक संदेश येतो. तो आला नाही, तर होस्टच आडवा. दुसरा होस्ट घेतला, तर झॅबिक्सचा पुन्हा विचार करेन.